डावखुरा लिंक, उलटी पानं आणि मुका नायक

निन्टेन्डो कंपनीच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ (नायक लिंक, राजकन्या झेल्डा) या गेम-मालिकेवरची अधिकृत कॉमिक्स आणि चाहत्यांनी स्वतः काढलेली कॉमिक्स, यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं दिली आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

झेल्डाचे मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचायला घ्यायचे आहेत. क्रम कोणता धरू? आणि काही पुस्तकं उजवीकडून उघडतात, एक मात्र डावीकडून, हे कसं?

डावीकडून उघडणारं पुस्तक म्हणजे शोतारो इशिनोमोरी यांचं ‘अ लिंक टू द पास्ट’. मांगाकार जपानी असले तरी ही कथा 1992 मध्ये ‘निन्टेन्डो पॉवर’ या अमेरिकी मासिकासाठी, 12 भागांत, पूर्ण रंगीत अशी तयार झाली. त्यामुळे तिची पानं पहिल्यापासूनच डावीकडून उजवीकडे रचलेली आहेत. 2015 मध्ये व्हिझ या प्रकाशनसंस्थेने ती पुन्हा छापली तेव्हा ती रचना तशीच राहिली. रोम नावाचा तिरंदाज याच पुस्तकात भेटतो. गेममध्ये त्याला शोधत बसू नका.

बाकीचे बहुतेक मांगा अकिरा हिमेकावा यांचे. हे दोन चित्रकर्तींनी मिळून घेतलेलं टोपणनाव आहे. हे मांगा मूळ जपानी, म्हणून इंग्रजी आवृत्तीतही उजवीकडून डावीकडे वाचायचे. ‘ओकारिना ऑफ टाइम’चे दोन भाग आधी घ्या, लगेच ‘मेजोराज मास्क’ घ्या, कारण दोन्हींत लिंक एकच आहे. ‘ओरॅकल ऑफ सीझन्स’नंतर ‘ओरॅकल ऑफ एजेस’, हा क्रम पाळावाच लागतो. उरलेले कुठूनही वाचा. जुने दहा खंड ‘लेजंडरी एडिशन’ नावाच्या पाच जाड पुस्तकांत एकत्र मिळतात. त्यात ‘अ लिंक टू द पास्ट’ आहे, पण तो हिमेकावांचा. इशिनोमोरींचं पुस्तक वेगळं, आणि नाव सारखं असल्यामुळे इथे हमखास घोटाळा होतो.

‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ मात्र शेवटी ठेवा. जुने मांगा शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या शाळकरी मुलांच्या मासिकांतून यायचे, म्हणून त्यांत अख्खा गेम एक-दोन खंडांत धावत संपतो. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ 2016 ते 2022 या काळात मोबाइल अ‍ॅपवर क्रमशः आला, त्याचे 11 खंड झाले आणि तो थोड्या मोठ्या वयाच्या वाचकांसाठी आहे. आमच्या मते हिमेकावांचं सगळ्यांत कसदार काम हेच.

मांगात घडलेल्या गोष्टी ‘खऱ्या’ धरायच्या का? आमच्या गटात यावरून रोज भांडण होतं.

अधिकृत कालपटात मांगांना जागा नाही. ‘हायरूल हिस्टोरिया’ या ग्रंथात (जपानी 2011, इंग्रजी 2013) निन्टेन्डोने दिलेला कालपट फक्त गेम्सचा आहे. ‘ओकारिना ऑफ टाइम’च्या शेवटी त्याला तीन फाटे फुटतात: लिंक हरला तो एक, लिंक बालपणात परतला तो दुसरा, आणि तो निघून गेल्यावर मागे उरलेलं मोठेपणीचं जग हा तिसरा. 2018 मध्ये निन्टेन्डोने ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ सगळ्यांत शेवटी ठेवला, पण तो कुठल्या फाट्यावर आहे हे सांगितलं नाही.

तेव्हा लहानग्या लिंकने पाळलेलं वोल्व्हेजिया हे ड्रॅगनचं पिल्लू ही मांगाची भर. गेममध्ये वोल्व्हेजिया म्हणजे फक्त अग्निमंदिरातला शत्रू. मेजोराच्या मुखवट्याची जन्मकथाही मांगाच्या शेवटच्या जोड-प्रकरणातलीच. तुमच्या फॅनकॉमिकमध्ये यातलं काही वापरणार असाल तर पहिल्याच पानावर एक ओळ टाका: ‘मांगातल्या कथेवर आधारित’. निम्मं भांडण तिथेच मिटतं. उरलेलं निम्मं मिटावं असं भांडणाऱ्यांनाच वाटत नसतं, त्यावर आमच्याकडे उपाय नाही.

लिंक तलवार कोणत्या हाताने धरतो? मी उजव्या हाताने काढला तर तीन जणांनी चूक दाखवली आणि दोघांनी बरोबर म्हटलं.

पाचही जण बरोबर असू शकतात. तुम्ही कोणत्या गेमचा, आणि त्या गेमच्या कोणत्या आवृत्तीचा लिंक काढलात, हे सांगितलेलं नाही.

लिंक मुळात डावखुरा. 2006 मध्ये ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ वी या यंत्रावर आला तेव्हा खेळाडूने हातातला रिमोट हलवायचा आणि पडद्यावर तलवार फिरायची अशी सोय होती. बहुतेक लोक रिमोट उजव्या हातात धरणार, म्हणून लिंकला उजवा करायचं ठरलं. पण नुसता हात बदलला नाही. अख्खा गेम आरशात धरावा तसा उलटा केला. नकाशा, घरं, रस्ते, सगळंच. त्यामुळे वी आवृत्तीत सूर्य पश्चिमेला उगवतो. गेमक्यूब या जुन्या यंत्रावरच्या आवृत्तीत लिंक डावखुराच राहिला आणि जगही सुलट. 2016 च्या वी यू या नंतरच्या यंत्रावरच्या आवृत्तीत साधा खेळ सुलट, आणि ‘हीरो मोड’ निवडला की पुन्हा उलटा. ‘स्कायवर्ड सोर्ड’ आणि ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ यांत लिंक सरळच उजखोरा आहे, तिथे जग उलटवलेलं नाही.

चित्रकारांचा घात होतो तो इथे. संदर्भासाठी एक स्क्रीनशॉट वीचा, दुसरा वी यूचा, तिसरा कुणाच्या तरी चित्रावरून घेतलेला. मग पान 3 वर गावाची वेस डावीकडे आणि पान 7 वर उजवीकडे. संदर्भचित्रं साठवताना फाइलच्या नावातच यंत्राचं नाव लिहा.

दुसरी खोच चित्र तपासण्याची. प्रमाण बिघडलंय का ते बघायला आपण कॅनव्हास आडवा उलटवून बघतो, ते योग्यच आहे. पण काही प्रोग्रॅममध्ये ‘दृश्य उलटवा’ आणि ‘चित्र उलटवा’ या दोन आज्ञा जवळजवळ असतात. दुसरी दाबली गेली, फाइल तशीच साठवली गेली, की लिंकचा हात बदललाच. पकडायची खूण सोपी आहे. तळहाताच्या मागच्या बाजूवर ट्रायफोर्स हे चिन्ह चमकताना दाखवलं असेल तर त्याचे तीन त्रिकोण बघा: वरचा शक्तीचा, खालचा डावा प्रज्ञेचा, खालचा उजवा धैर्याचा. लिंकसाठी खालचा उजवा उजळ हवा. तो डावा दिसला तर एक तर पान उलटलंय किंवा तुम्ही नकळत झेल्डाचा हात काढलाय.

गेममधला लिंक बोलत नाही. कॉमिकमध्ये बोलता केला तर लोक नावं ठेवतात, मुका ठेवला तर पानं निर्जीव होतात. काय करावं?

हिमेकावांनी त्याला बिनधास्त बोलता केलंय, तेव्हा नावं ठेवणाऱ्यांना ते दाखवा. मुकाच ठेवायचा असेल तर बोलण्याचं काम दुसऱ्याला द्या. गेम्सनीही तेच केलंय: ‘ओकारिना’त नावी, ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये मिडना. मिडना टोमणा मारते, लिंक फक्त कान पाडतो, आणि वाचकाला उत्तर कळतं.

यासाठी चौकटींचा हिशोब बदलावा लागतो. बोलक्या प्रसंगाला पानावर पाच-सहा चौकटी पुरतात. मुक्या नायकाच्या प्रत्येक ‘उत्तराला’ एक वेगळी चौकट लागते, म्हणजे तोच प्रसंग दीड पानाचा होतो. हे पटकथेतच धरा. चित्रं सुरू झाल्यावर लक्षात आलं तर शेवटच्या पानांवर चौकटी कोंबाव्या लागतात, आणि क्लायमॅक्स पोस्टाच्या तिकिटाएवढा होतो. ‘…’ असा रिकामा फुगा पूर्ण पुस्तिकेत दोनदा चालतो. त्यापुढे तो पळवाट वाटायला लागतो.

बारा पानांची छापील पुस्तिका काढायची आहे. फाइल कशी तयार करू?

मधोमध पिना मारलेली पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. बारा चालतील, मुखपृष्ठाची चार वेगळी. चौदा पानांची कथा घेऊन गेलात तर दोन कोरी पानं पदरात पडतील.

आकार ए5 धरू, म्हणजे 148 × 210 मिमी. चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड वाढवा, म्हणजे कटिंग थोडं सरकलं तरी कडेला पांढरी रेघ येत नाही. फाइल झाली 154 × 216 मिमी. काळ्या-पांढऱ्या कामाला 600 डीपीआय (इंचाला 600 पिक्सेल) घ्या, म्हणजे 3638 × 5102 पिक्सेल. रंगीत मुखपृष्ठाला 350 पुरे. फुगे आणि चेहरे कापायच्या रेषेपासून किमान 10 मिमी आत हवेत, आणि शिवणीच्या बाजूला आणखी थोडे. 72 डीपीआयवर काढून शेवटी 600 करू हा विचार सोडा. आकडा वाढतो, रेघ वाढत नाही, कडा लोण्यासारख्या दिसतात.

दोन पानांवर पसरलेलं भव्य चित्र घ्यायचं असेल (खलनायक गॅनॉनचा किल्ला सगळ्यांनाच पसरवायचा असतो) तर ते 6-7 वरच घ्या. बारा पानांच्या पुस्तिकेत हीच दोन पानं एका सलग कागदावर येतात. 4-5 वर घेतलंत तर डावा अर्धा एका कागदावर आणि उजवा दुसऱ्यावर छापला जातो. दुमडताना मिलिमीटरभर सरकलं तरी मधोमध आलेलं नाक तुटतं. पसरट चित्र 3-4 वर तर येऊच शकत नाही, ती एकाच पानाच्या दोन बाजू आहेत.

काळ्या-पांढऱ्यात आणखी एक अडचण खास झेल्डाची. लिंकचा हिरवा अंगरखा आणि ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधला निळा अंगरखा, दोन्ही करड्या टोनमध्ये सारखेच दिसतात. दोन काळांतले लिंक एका पानावर भेटत असतील तर फरक टोनवर सोपवू नका. हिरव्याला सपाट 30 टक्के द्या आणि टोकदार टोपी दिसू द्या. निळ्याला 50 टक्के द्या, छातीवरचं पांढरं भरतकाम ठळक ठेवा आणि डोकं उघडं.

टोन लावलेलं पान कागदावर छान छापलं जातं, पण मोबाइलवर टाकलं की कपड्यांवर जाळीदार पट्टे उमटतात. का?

टोन म्हणजे करडा रंग नव्हे, काळे ठिपके. 600 डीपीआयच्या फाइलवर 60 लाइनचा टोन लावलात तर इंचाला 60 ठिपके, म्हणजे दोन ठिपक्यांत 10 पिक्सेलचं अंतर. आता ते पान पडद्यासाठी चौथाईवर आणलंत. अंतर झालं अडीच पिक्सेल. अर्धा पिक्सेल अस्तित्वातच नसतो, म्हणून काही ठिपके दोन पिक्सेलवर पडतात, काही तीनवर, आणि हा चढउतार ठरावीक अंतराने परत परत येतो. तेच तुमचे पट्टे. त्यांना मोआरे म्हणतात. ठिपक्यांची जाळी सहसा 45 अंशांत तिरकी असते, त्यामुळे ‘बरोबर पाचव्या हिश्शावर आणा’ असला सोपा तोडगाही नीट चालत नाही.

उपाय एकच, टोन शेवटी लावा. काम करताना रेघांचा थर वेगळा ठेवा आणि छटांचा थर साध्या करड्या रंगात. पडद्यासाठीची फाइल: करडा तसाच ठेवून आकार लहान करा, ठिपके करूच नका. छपाईची फाइल: अंतिम आकारात, 600 डीपीआयवर, मगच करड्याचे ठिपके करा. त्यानंतर आकार एक टक्काही बदलायचा नाही. छापखान्याला पाठवताना ‘100 टक्के, पानाला जुळवून घेऊ नका’ हे लिहून द्या, कारण छपाईच्या खिडकीतला ‘फिट टू पेज’ हा पर्याय पान 97 टक्के करतो आणि सगळी मेहनत पट्ट्यांत जाते. एका टोनवर दुसरा टोन चढवला तरी पट्टे येतात. दोन्ही जाळ्या एकाच लाइनच्या, एकाच कोनात आणि नीट बसवलेल्या असतील तरच निभावतं.

जुन्या पानाचा फक्त स्कॅन उरला असेल तर ठिपक्यांच्या अंतराच्या निम्म्याइतका गॉशियन ब्लर द्या आणि मग लहान करा. रेघा मऊ पडतील. त्या मूळ स्कॅनवरून वेगळ्या काढून वर पुन्हा ठेवा, नाहीतर डोळे विझल्यासारखे दिसतात.

मराठी संवाद लिहिताना मात्रा सुटतात, ‘शक्ती’चं ‘शक्‌ती’ होतं. शिवाय मजकूर फुग्यात मावत नाही.

जोडाक्षर तुटतं तो दोष फॉन्टचा कमी, प्रोग्रॅमचा जास्त. अनेक चित्रकलेचे प्रोग्रॅम देवनागरीची अक्षरजुळणी करतच नाहीत. फोटोशॉपमध्ये परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडला की अक्षरं जागेवर येतात. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जमत नसेल तर संवाद इंकस्केपमध्ये टाइप करा, मजकुराचं पाथमध्ये रूपांतर करा, 600 डीपीआयवर पारदर्शक पीएनजी काढा आणि पानावर ठेवा. रूपांतर करण्याआधीची प्रत जपून ठेवा. एकदा पाथ झालं की ऱ्हस्व-दीर्घही सुधारता येत नाही, आणि शुद्धलेखनाच्या चुका नेमक्या छापून आल्यावरच दिसतात.

फॉन्टमध्ये ‘कलम’ हस्ताक्षरासारखा आहे, ‘बालू’ जाडजूड, आरोळ्यांना बरा. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. ए5 वर 9 ते 10 पॉइंट ठेवा आणि ओळींतलं अंतर 1.3 ते 1.4 पट. इंग्रजीसाठीचं 1.1 ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ‘तू कुठून आलीस’ हे एकाखाली एक दोनदा लिहून बघा, लगेच दिसेल. ठसक्यासाठी इंग्रजीत कॅपिटल अक्षरं असतात, आपल्याकडे ती सोय नाही. तिरकं अक्षर देवनागरीत पडल्यासारखं वाटतं, तेव्हा जाड ठसा वापरा.

मावत नाही याचं कारण फुग्याचा आकार. जपानी मजकूर उभा जातो, म्हणून मांगातले फुगे उंच आणि अरुंद. ते बघून तुम्हीही उंच फुगे काढता आणि त्यात आडवी मराठी कोंबता. ‘कालपुरुषाच्या मंदिरात’ एवढ्यातच फुगा फुटतो. आधी मजकूर ठेवा, मग त्याभोवती फुगा काढा, आणि फुगा आडवा अंडाकृती ठेवा. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांवर जाऊ नका.

आवाज मात्र मराठीच वापरा. तलवारीला ‘खण्ण’, कुक्कू कोंबड्या चवताळून आल्या की ‘फडफडफड’, बाण सुटला की ‘सूंऽऽ’. अवग्रह जितके वाढवाल तितका आवाज लांबतो, आणि त्यांची ओळ बाणाच्या दिशेने तिरकी नेता येते.

पहिल्या गेममधले पिक्सेल वापरून कॉमिक करतोय. चित्रं मोठी केली की धूसर होतात.

मोठं करताना ‘नियरेस्ट नेबर’ निवडा आणि फक्त पूर्ण पटीत वाढवा: 16 × 16 चा लिंक 64 किंवा 80, कधीच 70 नाही. पीएनजीतच साठवा. जेपीईजीत पिक्सेलच्या कडेला मळ जमा होतो. सगळी पात्रं एकाच पटीत ठेवा. लिंक चौपट आणि शत्रू सहापट असेल तर पिक्सेलच लहानमोठे दिसतात आणि चित्र चिकटवलेलं वाटतं.

जपानमध्ये डोजिन्शी, म्हणजे चाहत्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तिका, उघड विकल्या जातात. मग आम्ही फॅनकॉमिक विकलं, किंवा मांगाची पानं स्कॅन करून मराठीत टाकली, तर काय बिघडलं?

या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॅन करून भाषांतर टाकणं म्हणजे दुसऱ्याचं पुस्तक जसंच्या तसं वाटणं. ‘हक्क मूळ मालकाचे’ अशी ओळ लिहिल्याने परवानगी मिळत नाही. ते करू नका.

स्वतः काढलेलं फॅनकॉमिकही कायद्याने मोकळं नसतं, बरेचदा फक्त सहन केलं जातं. जपानमध्ये कॉमिक मार्केट हा डोजिन्शींचा बाजार 1975 पासून भरतो, पण तिथेही ती परवानगी नव्हे, कानाडोळा आहे. पूर्वी हक्कधारकाने तक्रार केल्याशिवाय खटला चालत नसे. 30 डिसेंबर 2018 पासून काही प्रकारांत तक्रारीविनाही चालतो, पण त्यासाठी मूळ कृती जशीच्या तशी वापरलेली असणं ही एक अट आहे, म्हणून डोजिन्शी त्यातून बाहेर राहिल्या. कानाडोळा कधी संपतो याचंही उदाहरण आहे: 1999 मध्ये पोकेमॉनवर अश्लील डोजिन्शी काढणाऱ्या व्यक्तीला निन्टेन्डोच्या तक्रारीवरून अटक झाली होती.

निन्टेन्डोने 2018 मध्ये जाहीर केलेली मार्गदर्शक सूचना गेममधून टिपलेल्या व्हिडिओ आणि स्क्रीनशॉटसाठी आहे. ती दाखवून छापील कॉमिक विकता येत नाही. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो. ‘फायनल फँटसी 14’साठी स्क्वेअर एनिक्सने साहित्य-वापराचा लेखी परवाना दिलाय, तोही विनानफा वापरापुरता. तेव्हा ज्या मालिकेवर काम करणार तिचा कागद आधी वाचा. अधिकृत लोगो आणि गेमच्या खोक्यावरचं चित्र मुखपृष्ठावर घेऊ नका. वाचकाला पुस्तक कंपनीचंच वाटलं की सहन करणारेही सहन करत नाहीत.

पंधरा-वीस जण मिळून एकत्र झीन, म्हणजे हौशी पुस्तिका, काढतोय. दरवेळी अर्ध्यावर फिसकटतं.

फिसकटतं ते बहुधा तपासणीच्या तारखा नसल्यामुळे. सहा महिने धरा. पहिल्या महिनाअखेर प्रत्येकाने कोणता गेम, कोणती आवृत्ती, किती पानं हे लिहून द्यायचं. दुसऱ्याअखेर कच्ची चौकटरचना, चौथ्याअखेर शाई, पाचव्याअखेर अंतिम फाइल. सहावा महिना जुळणी आणि एका नमुना प्रतीसाठी राखायचा. कच्ची रचना आली नाही तर ती पानं तेव्हाच दुसऱ्याला द्या. पाचव्या महिन्यात दिली तर कुणी घेत नाही. चार पानांची एक जादा कथा आधीपासून तयार ठेवा, गळती तिने भरून निघते आणि चारचा हिशोबही बिघडत नाही.

कोरं टेम्प्लेट एकाच जागेवरून द्या, ब्लीडच्या रेषा आखून. ‘ए5 मध्ये पाठवा’ एवढंच सांगितलंत तर वीस जण आठ आकार पाठवतील. रंगीत पानं असतील तर नमुना छापून बघा: पडद्यावरचा झगझगीत हिरवा आरजीबीतून (पडद्याचे रंग) सीएमवायकेत (छपाईच्या शाईचे रंग) गेला की मळकट होतो, आणि लिंकच्या अंगरख्याच्या वीस छटा शेजारीशेजारी आल्या की ते फार जाणवतं. अंगरख्यासाठी सगळ्यांना एकच सीएमवायके आकडा ठरवून दिलेला बरा. आणि प्रत्येक पानाखाली चित्रकाराचं नाव त्याच्या चौकटीच्या आत, चित्राचाच भाग म्हणून येऊ द्या. समासातलं नाव पुढे कुणी पान कापून फिरवलं की पहिल्यांदा तेच उडतं.